गुठळीआधी गाठायचं कसं?

१९६० नंतर युरोप-अमेरिकेतल्या इस्पितळांत हृदयरुग्णांसाठी वेगळे कक्ष सुरू होऊ लागले. बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलातले डॉ. फ्रँक पँट्रिज यांना मात्र एक गोष्ट स्वस्थ बसू देईना. हार्ट अटॅकने दगावणारी बरीच माणसं पहिल्या तासा-दोन तासांतच जातात, त्या कक्षाच्या पायरीपर्यंत पोचतच नाहीत. बेताल झालेलं हृदय विजेच्या झटक्याने ताळ्यावर येऊ शकतं, हे ठाऊक होतं. अडचण एवढीच की झटका देणारं डिफिब्रिलेटर इस्पितळातल्या विजेवर चाले. पँट्रिज यांनी ते मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालवून दाखवलं. वजन भरलं सुमारे ७० किलो! ते धूड, डॉक्टर आणि नर्स घेऊन जानेवारी १९६६ मध्ये रुग्णवाहिका थेट रुग्णाच्या दारात जाऊ लागली. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि जॉन गेडिस यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पहिल्या १५ महिन्यांचा हिशेब मांडला. वाटेत एकही रुग्ण दगावला नव्हता.

झटक्याने जीव वाचला तरी ज्या गुठळीमुळे अटॅक येतो, ती रक्तवाहिनीतली गुठळी तशीच राहते आणि हृदयाचा स्नायू मरत जातो. गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेज या औषधाची मोठी चाचणी इटलीत झाली, तिचे निष्कर्ष १९८६ मध्ये आले. औषध जितक्या लवकर, तितका फायदा जास्त. आणि पहिल्या तासात तर सर्वाधिक, असं तिथं दिसलं. १९८८ मध्ये साध्या ॲस्पिरिननेही मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालं.

आणि आपल्याकडे? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ पाहणीत देशभरातल्या २०,४६८ हृदयरुग्णांची नोंद होती. त्यातल्या निम्म्यांना त्रास सुरू झाल्यापासून इस्पितळात पोचायला सहा तास किंवा त्याहून जास्त लागले होते. हे तास कुठे जातात, ते घराघरांत पाहायला मिळतं. पहाटे छाती आवळते, दरदरून घाम फुटतो. ‘पित्त झालं असेल’ म्हणून थंड दूध दिलं जातं, मग सोडा, मग ओवा. ‘एवढ्या रात्री कुणाला उठवायचं?’ म्हणत उजाडायची वाट पाहिली जाते. मग रिक्षा, जवळचं नर्सिंग होम, तिथला ईसीजी आणि ‘मोठ्या हॉस्पिटलात न्या’. ते ऐकताना घरच्यांचे चेहरे पाहवत नाहीत.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २००५ मध्ये हैदराबादेत सुरू झाली, २००८ मध्ये गोव्यात आली. महाराष्ट्रात ती जानेवारी २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी उतरली. त्यातल्या २३३ गाड्या अत्यवस्थ रुग्णांसाठी जास्त सुसज्ज होत्या, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर, हे महाराष्ट्राचं वेगळेपण.

पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते गोव्याने पुढे केलेलं काम. गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणहून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) गाठायला तासाहून जास्त वेळ लागतो, आणि तो तास रुग्णाच्या हातात नसतो. डिसेंबर २०१८ पासून गोव्यात ‘स्टेमी गोवा’ प्रकल्प सुरू झाला. स्टेमी म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद पडल्याने येणारा मोठा हार्ट अटॅक. लहान सरकारी दवाखान्यात ईसीजी काढायचा, तो ऑनलाइन हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवायचा, निदान काही मिनिटांत परत येतं. गरज असेल तर गुठळी विरघळवणाऱ्या टेनेक्टेप्लेजचं महागडं इंजेक्शन तिथंच, मोफत. रुग्णवाहिका गोमेकॉच्या वाटेला लागते तेव्हा गुठळीवरचं औषध रक्तात उतरलेलं असतं.