गाडी दिसते, हप्ता दिसत नाही

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो आणि मेन्लो पार्क या शेजारशेजारच्या गावांत अँथनी डूब आणि अ‍ॅलन ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग १९६८ साली प्रसिद्ध झाला. सिग्नलला सगळ्यांत पुढे गाडी उभी करायची, हिरवा दिवा लागला तरी जागचं हलायचं नाही, आणि मागचा चालक किती वेळाने हॉर्न मारतो ते मोजायचं. पुढे कधी धुऊनपुसून चकचकीत केलेली नवीकोरी क्रायस्लर इम्पीरिअल असायची, तर कधी गंजलेली जुनी फोर्ड किंवा करड्या रंगाची साधी रँब्लर. साध्या गाडीमागच्या ८४ टक्के चालकांनी बारा सेकंदांच्या आत हॉर्न मारला. इम्पीरिअलच्या मागे हे प्रमाण ५० टक्के होतं. दोघा चालकांनी तर साध्या गाडीला हॉर्नही न मारता सरळ मागून धक्का दिला.

हाच प्रसंग नंतर काही विद्यार्थ्यांना कागदावर दिला आणि विचारलं, तुम्ही काय कराल? मुलांनी लिहिलं की आम्ही महागड्या गाडीला आधी हॉर्न मारू. रस्त्यावर घडलं होतं ते बरोबर उलट. समोरच्याच्या ऐपतीचं दडपण आपल्यावर येतं आणि ते आलंय हे आपल्याला कळतही नाही, ही मला त्या प्रयोगातली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते. पुढे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या म्युनिकमधल्या अभ्यासात प्रश्न फिरवला गेला: हॉर्न मारणाऱ्याची गाडी कोणती? गाडी जितकी वरच्या दर्जाची, तितकी चालकाला घाई जास्त, असं तिथे दिसलं. लास वेगासमधल्या २०२० सालच्या अभ्यासात गाडीच्या किमतीत दर हजार डॉलरची भर पडली की रस्ता ओलांडणाऱ्यासाठी ती थांबण्याची शक्यता सुमारे तीन टक्क्यांनी घटत होती.

हे सगळं गाडीच्याच बाबतीत का घडतं? ओरी हेफेट्झ या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या लोकांना विचारलं होतं की एखादं कुटुंब अमुक गोष्टीवर इतरांपेक्षा जास्त खर्च करत असेल, तर ते तुमच्या किती लवकर लक्षात येईल? सिगारेट, गाडी आणि कपडे यादीत वर आले. तळाशी होते अंतर्वस्त्रं आणि आयुर्विमा. गाडीचा विमासुद्धा बराच खाली होता. म्हणजे गाडी सगळ्यांना दिसते, पण तिच्यावर उतरवलेला विमा कोणालाच दिसत नाही. घर गावाकडे राहतं, ठेवी बँकेत राहतात, शेतजमीन सातबाऱ्यावर राहते. गाडी मात्र लग्नाच्या हॉलपर्यंत, ऑफिसच्या फाटकापर्यंत, सासुरवाडीच्या अंगणापर्यंत आपल्यासोबत येते.

दिसण्याचं हे मोल किती निव्वळ असू शकतं, ते पाहायचं तर आपल्या आरटीओतले चॉइस नंबर पाहावेत. चार आकड्यांनी गाडी वेगात धावत नाही, पेट्रोल वाचत नाही, ब्रेक चांगले लागत नाहीत. तरी महाराष्ट्रात चारचाकीच्या ०००१ या नंबरासाठी सरकारी शुल्कच लाखांत मोजावं लागतं. ४१४१ मराठीत लिहिला की ‘दादा’ वाचता येतो, म्हणून त्यालाही मागणी असते. अर्थशास्त्रज्ञ फ्रेड हर्श यांनी १९७६ साली अशा वस्तूंना ‘स्थानदर्शक’ म्हटलं होतं: त्यांची किंमत त्या दुसऱ्याकडे नसण्यात असते. एका मालिकेत ०००१ एकच निघतो, त्यामुळे देश कितीही श्रीमंत झाला तरी तो सगळ्यांना मिळणार नाही. लाल दिव्याचंही तेच होतं. केंद्र सरकारने १ मे २०१७ पासून तो काढायला लावला, तेव्हा एक दर्जा एका आदेशाने रस्त्यावरून उतरला.

जीवशास्त्रात या दिखाव्याला एक प्रसिद्ध स्पष्टीकरण आहे. आमोत्झ झहावी या इस्रायली शास्त्रज्ञाने १९७५ साली मांडलं की मोराचा पिसारा विश्वासार्ह ठरतो, कारण तो महाग पडतो. अशक्त मोराला तो पेलणारच नाही. अर्थशास्त्रात थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ सालीच दाखवून दिलं होतं की लोक उधळपट्टी चारचौघांत मुद्दाम करतात, ती परवडते हे कळावं म्हणून. एके काळी आपल्याकडच्या गाडीला हे नीट लागू पडत होतं. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट पाहावी लागे. दारात गाडी आली म्हणजे घरात पैसा आहे, हा अंदाज तेव्हा सहसा चुकत नसे.

आज तो सर्रास चुकतो, आणि याचं कारण कर्ज. एक हिशेब मांडून पाहू. गाडी १२ लाखांची. २ लाख रोख भरले, १० लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढलं. हप्ता येतो सुमारे १६,०९० रुपये. दोन वर्षं हप्ते नियमित भरले, म्हणजे ३ लाख ८६ हजार रुपये गेले. तरीही मुद्दल शिल्लक आहे सुमारे पावणेआठ लाख. आता गाडीची किंमत बघा. विम्यासाठी ठरलेल्या घसारा-तक्त्याप्रमाणे दोन वर्षं उलटली की ३० टक्के वजा होतात, म्हणजे तिचं मूल्य उरलं ८ लाख ४० हजार. त्यातून कर्ज वजा केलं तर मालकाचा स्वतःचा वाटा जेमतेम ६५ हजारांचा. खिशातून सुमारे ५ लाख ८६ हजार गेलेत, विमा आणि पेट्रोल वेगळंच. पण शेजाऱ्याला दिसतो तो ८ लाख ४० हजारांचा ऐवज.

म्हणून दारातली गाडी पाहून संपत्तीचा अंदाज बांधू नये, असं मला आग्रहाने सांगावंसं वाटतं. गाडीवरून फार तर दरमहा किती रुपये बाहेर जातात ते समजतं. संपत्ती म्हणजे जे बाहेर गेलं नाही ते, आणि ते दिसत नाही. बडा उद्योजक पंधरा वर्षं जुनी गाडी वापरतो याचं आपल्याला नवल वाटतं, त्यालाही संशोधकांनी उत्तर शोधलंय. ज्याच्या ऐपतीबद्दल कोणाला शंकाच नाही, त्याला ती दाखवायची गरज उरत नाही. सगळ्यांत जास्त धडपड असते मधल्या पायऱ्यांवर, जिथे एक पायरी खालच्याशी आपली गल्लत होईल अशी भीती असते.

ही धडपड सांसर्गिक आहे का, याची परीक्षा नेदरलँड्समध्ये एका लॉटरीमुळे झाली. तिथल्या पोस्टकोड लॉटरीत बक्षीस एका माणसाला लागत नाही, पूर्ण पोस्टकोडला लागतं. म्हणजे एखाद्या गल्लीतल्या मूठभर घरांना. तिकीट काढलेल्यांना रोख रक्कम मिळते आणि त्यांच्यातल्या एकाला बीएमडब्ल्यू. ज्यांनी तिकीटच काढलं नव्हतं, त्यांच्या उत्पन्नात एका युरोचाही फरक पडलेला नसतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की विजेत्याच्या अगदी शेजारच्या अशा घरांनीही सहा महिन्यांत नवी गाडी घेण्याचं प्रमाण वाढलं होतं. त्यांची गरज बदलली नव्हती, पगारही नाही. फक्त भिंतीपलीकडे नवी गाडी आली होती.

माणूस स्वतःला जगाशी ताडून बघत नाही, आपल्या चारचौघांशी बघतो. अमेरिकेतल्या २००९ सालच्या एका अभ्यासाचा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो: ज्या गटाचं सरासरी उत्पन्न कमी, त्या गटातला माणूस तेवढ्याच कमाईतला जास्त हिस्सा कपडे, दागिने, गाडी अशा दिसणाऱ्या गोष्टींवर घालतो. ज्या समाजाला लोक आधीच गरीब धरून चालतात, त्यातल्या कमावत्या माणसाला आपण तसे नाही हे दरवेळी सिद्ध करावं लागतं. गावातल्या पोराने कर्ज काढून स्कॉर्पिओ घेतली म्हणून शहरातली माणसं नाकं मुरडतात, तेव्हा हे विसरतात. बँकेत, कचेरीत, लग्नाच्या बोलणीत त्याच्याशी बोलण्याचा सूर त्या गाडीने बदलतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं. शिवाय बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या उंच, दणकट चेसीच्या गाड्या उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेल्या रस्त्यावर टिकतात, त्यांत सात-आठ माणसं बसतात, आणि त्या तालुक्याच्या गॅरेजमध्ये दुरुस्त होतात. व्यवहार आणि रुबाब एकाच गाडीत नांदतात.

गाडी हा दर्जा आहे की गरज, हेही ठिकाणावर ठरतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शंभरांपैकी आठेक घरांकडे गाडी होती. गोव्यात हा आकडा पंचेचाळीसच्या आसपास आहे. विखुरलेल्या वस्त्या, संध्याकाळनंतर विरळ होणारी बस आणि चार महिने कोसळणारा पाऊस. तिथे जुनी अल्टो दारात असणं ही निव्वळ सोय आहे, तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही.

रुबाबाचं हे गणित विसरलं की काय होतं ते नॅनोने दाखवलं. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये रतन टाटांनी ती जगापुढे आणली. स्कूटरवर पावसात भिजत जाणारं चौघांचं कुटुंब पाहून ही कल्पना सुचली, असं ते सांगत. पुण्यात घडलेली ती गाडी अभियांत्रिकी म्हणून आजही मला विलक्षण वाटते: मागे बसवलेलं ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, चाकाला चारऐवजी तीन नट, काचेला एकच वायपर, आणि लांबीला जेमतेम तीन मीटर असूनही आत चार मोठी माणसं ऐसपैस. बुकिंग दोन लाखांवर गेलं. पण गुजरातमधल्या साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्या काढू शकत होता, आणि विक्रीच्या सगळ्यांत चांगल्या वर्षी, २०११-१२ मध्ये, ७४ हजारांच्या आसपास गाड्या विकल्या गेल्या. २०१८ मध्ये उत्पादन जवळजवळ थांबलं.

कारणं बरीच होती. पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून कारखाना हलवण्यात वेळ गेला, काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या, जाहीर केलेली एक लाखाची किंमत टिकली नाही. पण ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का बसला आणि तो नडला, हे रतन टाटांनी स्वतः पुढे जाहीरपणे बोलून दाखवलं. स्कूटरवरून गाडीत बसणारं कुटुंब आयुष्यात एकदाच ती उडी घेतं. त्या दिवशी नव्या गाडीला हार घालायचा असतो, पेढे वाटायचे असतात. देशातली सगळ्यांत स्वस्त गाडी घेतली, हे सांगत पेढे कसे वाटणार? तेवढ्याच पैशांत दोन-तीन वर्षं वापरलेली अल्टो मिळत होती, आणि ती स्वस्त म्हणून ओळखली जात नव्हती. ज्या कुटुंबासाठी नॅनो बनवली, त्याला पावसापासून आडोसा हवा होताच, पण मानही हवा होता. तो मागण्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मला काळजी वाटते ती दुसऱ्या एका गोष्टीची. दिसणाऱ्या गोष्टींना पैसा मिळतो, तेव्हा न दिसणाऱ्या उपाशी राहतात, आणि गाडीत न दिसणाऱ्या गोष्टी जीव वाचवतात. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यांतली फोक्सवॅगन पोलो लक्षात ठेवण्यासारखी आहे. एअरबॅग नसलेली पोलो शून्यावर राहिली, तीच दोन एअरबॅग लावून आदळवली तेव्हा चार तारे मिळाले. दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर बाहेरून सांगता आलं नसतं कोणती कुठली. कंपनीने एअरबॅग नसलेली पोलो विकणं थांबवलं. चालकाच्या बाजूची एअरबॅग सक्तीची व्हायला आपल्याकडे जुलै २०१९ उजाडला.

गंमत अशी की त्या ताऱ्यांनीच न दिसणारं दिसतं केलं. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले, भारतात बनून भारतातच विकल्या जाणाऱ्या गाडीला ग्लोबल एनकॅपकडून पहिल्यांदाच. मग जाहिरातींत तारे झळकू लागले आणि पाच ताऱ्यांची गाडी घेणं हीसुद्धा चारचौघांत सांगायची गोष्ट झाली. अमेरिकेत टोयोटा प्रिअसचं असंच झालं होतं. इतर हायब्रिड गाड्या साध्या मॉडेलसारख्या दिसत, प्रिअस लांबून ओळखू यायची. पर्यावरणाची चाड असलेल्या वस्त्यांत लोक त्या ओळखू येण्यासाठी जास्त पैसे मोजायला तयार होते, असं २०१४ सालच्या एका अभ्यासात आढळलं. दिखाव्याची हौस मोडून काढता येत नसेल, तर ती कशाला चिकटावी हे तरी ठरवता येतं.

मागच्या सीटचा पट्टा मात्र अजून असा दिसत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते उत्तम दर्जाच्या मर्सिडीजमध्ये मागे बसले होते. मागच्या दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं.

ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप या आपल्या सरकारी योजनेच्या अशाच चाचण्या सुरू झाल्या आहेत. त्यांचे अहवाल सगळ्यांसाठी खुले आहेत, मोठ्यांसाठी ३२ पैकी आणि मुलांसाठी ४९ पैकी गुण वेगवेगळे दिलेले असतात. शोरूममध्ये विक्रेता सनरूफ उघडून दाखवू लागला की तो दुसरा, मुलांचा आकडा विचारावा, आणि आपण घेतोय त्याच व्हेरिएंटला सहा एअरबॅग आणि मागे तिन्ही जागांना तीन टोकांचे पट्टे आहेत का, ते हात लावून बघून घ्यावं.