वाळूच्या बॅटरीपेक्षा गरम पाण्याचा खड्डा भारी

आमच्या वाडीच्या ग्रुपवर मध्ये एक फॉरवर्ड फिरत होता, "फिनलंडने वाळूपासून वीज बनवली, जगाचा वीजप्रश्न मिटला!" त्याखाली एका काकांनी लिहिलं की आता आपल्या खाडीतली वाळू सोन्याच्या भावाने जाणार. दुसऱ्याने उत्तर दिलं, ती आत्ताही जातेच की, रात्रीची.

तर पहिलं म्हणजे वाळूतून वीज वगैरे काही येत नाही. फिनलंडच्या कांकानपा गावात २०२२ मध्ये पोलर नाईट एनर्जी नावाच्या कंपनीने स्टीलची एक टाकी उभी केली, आत सुमारे १०० टन वाळू. वीज स्वस्त असेल तेव्हा त्या विजेवर हवा तापवून वाळूतून फिरवायची, वाळू ५००-६०० डिग्रीपर्यंत तापते, मग लागेल तशी ती उष्णता काढून पाणी गरम करायचं आणि ते पाइपातून घरोघर. आत गेली वीज, बाहेर आली नुसती उष्णता, आणि त्या उष्णतेची परत वीज करायला गेलात तर निम्म्याहून जास्त वाटेतच जाते. साठा ८ मेगावॉट-अवर, म्हणजे आपल्या मीटरवरचे ८००० युनिट. २०२५ मध्ये फिनलंडमधल्याच पोर्नाइनेनला याची मोठी बहीण आली, १०० मेगावॉट-अवरची, आणि तिच्यात तर वाळूच नाही, फायरप्लेस बनवताना उरलेला सोपस्टोन नावाच्या मऊ दगडाचा २००० टन चुरा आहे. त्यामुळे आपल्या खाडीला निदान फिनलंडपासून तरी धोका नाही.

या सगळ्याच्या मागे आहे ते डिस्ट्रिक्ट हीटिंग. प्रत्येक घरात वेगळं काही पेटवायचं नाही, गावाबाहेर एका ठिकाणी पाणी तापवायचं आणि जमिनीखालच्या इन्सुलेशनवाल्या पाइपांनी सगळीकडे फिरवायचं, गार झालं की परत आणायचं. १९७३ च्या तेलसंकटात डेन्मार्क चांगलाच पोळला आणि त्यांनी हे फार मनावर घेतलं, आज तिथली साधारण दोन तृतीयांश घरं अशीच गरम होतात. आपल्याकडे रत्नागिरीत पहाटे पंखा बंद केला म्हणजे थंडी पडली, त्यामुळे हे प्रकरण पटकन डोळ्यासमोर येत नाही, पण यातला साठवणीचा भाग फार सुंदर आहे.

साठवण कशाला? उष्णता मिळते तेव्हा नको असते आणि हवी असते तेव्हा मिळत नाही म्हणून. ऊन उन्हाळ्यात, थंडी जानेवारीत. शिवाय तिथली बरीच केंद्रं वीज आणि उष्णता एकत्र बनवतात, म्हणजे बाहेर वारा सुटून पवनचक्क्यांनी विजेचा पूर आणला तरी लोकांना गरम पाणी हवं म्हणून केंद्र जळतच ठेवायचं, आणि जास्तीची वीज नको म्हणून पवनचक्क्या थांबवायच्या, असला उलटा कारभार. मोठी टाकी असली की केंद्र सरळ बंद करता येतं, उलट वाऱ्याच्या विजेवर टाकी तापवता येते. पर्यावरणाचा फायदा आहे तो इथे. टाकी स्वतः काही स्वच्छ करत नाही, कोळशाची उष्णता भरली तर कोळशाचीच बाहेर येणार.

आता खड्डा. डेन्मार्कमध्ये व्होयेन्स गावाने २०१५ च्या सुमारास जमिनीत एक प्रचंड खड्डा खणला, आत प्लास्टिकचं अस्तर, वर तरंगतं झाकण, आणि त्यात सुमारे २ लाख घनमीटर पाणी. शेजारी ७० हजार चौरस मीटर सोलर पॅनेल, वीजवाले नाहीत, पाणी तापवणारे. उन्हाळाभर पाणी तापवून ठेवायचं आणि थंडीत वापरायचं. एक घनमीटर पाणी ५० डिग्रीने तापवलं की त्यात ५८ युनिट उष्णता बसते, गुणाकार करा, एक कोटी युनिटच्या वर जातो. किलोला किलो धरला तर पाणी वाळूच्या पाचपट उष्णता धरतं आणि फुकटात मिळतं, फक्त १०० डिग्रीला उकळतं एवढंच.

सहा महिन्यांत गार नाही का होत? थोडं होतंच. पण उष्णता साठते आकारमानात आणि गळते पृष्ठभागातून. बाजू दहापट केली की आकारमान हजारपट, पृष्ठभाग शंभरपटच, म्हणजे पाणी दहापट सावकाश गार होतं. म्हणून ही गोष्ट एका घरासाठी परवडत नाही, अख्ख्या गावासाठी परवडते.

आणि आता मला सगळ्यात आवडणारा भाग, थर. मे महिन्यात विहिरीत उडी मारलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की वरचं हातभर पाणी कोमट असतं आणि पाय खाली गेले की एकदम गार. या खड्ड्यात अगदी तेच होतं, फक्त वर ९० डिग्री आणि तळाला ४०. ९० डिग्रीचं एक घनमीटर पाणी भरतं साधारण ९६५ किलो, ४० डिग्रीचं ९९२ किलो. या २७ किलोच्या फरकावर सगळा खेळ उभा आहे, हलकं वर राहतं, जड खाली, मध्ये कसलाही पडदा नाही.

समजा कोणीतरी हे ढवळलं आणि सगळं पाणी ६५ डिग्रीचं झालं. उष्णता किती गेली? शून्य, एक ज्यूलसुद्धा नाही. पण गावाला ७५ डिग्रीचं पाणी पाठवायचं असेल तर आता तुमच्याकडे त्याचा एक थेंब नाही, खड्डा उष्णतेने भरलेला असून बॉयलर पेटवावा लागणार किंवा हीट पंपला, म्हणजे कोमट पाण्यातली उष्णता जास्त तापमानाला चढवणाऱ्या यंत्राला, वीज घालावी लागणार. एन्ट्रॉपी वाढते म्हणतात ती हीच, एनर्जी तेवढीच राहून तिची किंमत उतरते. कार्बनच्या हिशोबात ढवळणं हे गळतीपेक्षाही वाईट पडू शकतं, आणि साध्या मीटरवर ते दिसतच नाही.

बरं, न ढवळता थर आपोआप मिसळत नाहीत का? पाणी उष्णतेचं फार वाईट वाहक आहे, तांब्याच्या सहाशे भागांतला एक भागही नाही. त्याची उष्मा-विसरणशीलता, म्हणजे उष्णता त्यात किती झपाट्याने पसरते ते, सेकंदाला ०.१५ चौरस मिलिमीटरच्या आसपास, आणि उष्णता पसरण्याचं अंतर वेळेच्या वर्गमुळाने वाढतं, म्हणजे महिन्यात साधारण ६० सेंटिमीटर आणि चार महिन्यांनी त्याच्या चौपट नाही, दुप्पटच, सव्वा मीटरच्या आत. डेन्मार्कमधल्याच ड्रोनिंगलुंड गावचा असा खड्डा १६ मीटर खोल आहे, त्यात मधली ही जाड होत जाणारी सीमा खपून जाते. खरा शत्रू म्हणजे धार. पाणी जोरात सोडलं की थर मोडले. म्हणून पाइपाच्या तोंडाशी दोन रुंद तबकड्या बसवतात, पाणी त्यांच्या फटीतून आडवं आणि अगदी हळू बाहेर पडतं. तरंगण्याचा जोर आणि वाहण्याचा जोर यांचं गुणोत्तर, त्याला रिचर्डसन नंबर म्हणतात, तो एकाच्या बराच वर ठेवायचा. ड्रोनिंगलुंडला तर तीन उंचींवर अशी तोंडं आहेत, वर, मध्ये, खाली, परत आलेलं पाणी ज्या तापमानाचं असेल त्या थरात अलगद घालायचं. काठालगतचं पाणी गार होऊन भिंतीवरून खाली घसरतं ते वेगळंच लफडं. आणि तळाचं गारेगार पाणी पॅनेलकडे पाठवलं की पॅनेलही जास्त उष्णता पकडतं, कारण ते स्वतः कमी तापतं आणि हवेत कमी घालवतं. थर टिकला तर दोन्ही टोकांना फायदा!

उष्णता जमिनीतसुद्धा साठवता येते. कॅनडात ओकोटोक्सला ड्रेक लँडिंग नावाच्या ५२ घरांच्या वसाहतीने १४४ बोअर मारून उन्हाळ्यातली उष्णता जमिनीत भरली होती आणि थंडीतली ९० टक्क्यांहून जास्त गरज त्यावर भागवून दाखवली. जमिनीतल्या उष्णतेवरून आठवलं, आपल्या तुरळ-राजवाडीच्या किंवा उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडाखाली ज्वालामुखी आहे असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. नाहीये हो. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो कधीच गार झाला. पावसाचंच पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या गरम खडकात तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. त्यात खुशाल अंघोळ करा, अंग मोकळं होतं, पण त्वचारोग बरा होतो म्हणून डॉक्टरांचं औषध बंद करू नका.

तोटेही आहेत. खड्ड्यातलं पॉलिथिनचं अस्तर ९० डिग्रीला लवकर म्हातारं होतं आणि शेवटी तो प्लास्टिकचा ढीगच. डेन्मार्कमध्ये झाकणाच्या इन्सुलेशनमध्ये ओल शिरून ते निकामी झाल्याचे प्रकार घडलेत. आणि भूजलात थेट गरम पाणी सोडायची पद्धत असेल तर जास्त जपायला लागतं, कारण पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, खडकातली खनिजं वेगळ्या प्रमाणात विरघळतात, तिथले जिवाणू बदलतात. म्हणून नेदरलँड्समध्ये, जिथे अशा दोन हजारांहून जास्त यंत्रणा आहेत, सर्वसाधारणपणे २५ डिग्रीच्या वरचं पाणी खाली सोडू देत नाहीत. आपल्याकडे निम्मं गाव विहिरीचं पाणी पितं, तिथे असलं काही कोणी सुचवलं तर हाच प्रश्न पहिला विचारायचा.

कोकणाला यातलं काय घेता येईल म्हणाल तर उष्णता नाही, गारवा. गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत एका ठिकाणी पाणी गार करून इमारतींना पुरवायची पद्धत चालूच आहे. पण त्याहून जवळचा आहे बंदरावरचा बर्फ कारखाना. एक टन बर्फ वितळताना ९३ युनिट उष्णता शोषतो, आणि एसीला लागतं तसं पाच डिग्रीचं पाणी बाराला आणलं तर टनामागे जेमतेम आठ युनिट, म्हणजे बर्फ अकरापटीने जास्त धरतो, शिवाय थर सांभाळायची कटकट नाही. दुपारच्या सोलर विजेवर कॉम्प्रेसर जोरात चालवायचा आणि रात्री हळू. अडचण एवढीच की मोठी लादी गोठायला दुपार पुरत नाही, त्यामुळे लाद्या जिच्यात गोठवतात ती मिठाच्या गार पाण्याची टाकी आत्तापेक्षा मोठी बांधावी लागेल, तो खर्च आहेच. ढगांमुळे सोलर सगळ्यात कमी चालतं ते पावसाळ्यात, आणि त्यातही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंदच असते, म्हणजे बर्फही तेव्हा कमीच लागतो.