मेंढीच्या पाठीवरचा कॅमेरा

उत्तर अटलांटिक महासागरात फेरो नावाची १८ बेटं आहेत. माणसं पन्नास-पंचावन्न हजार, मेंढ्या सुमारे ८० हजार. २०१६ साली तिथल्या पर्यटन मंडळाला एक गोष्ट खुपत होती. कॅमेरा लावलेल्या गाड्यांनी अर्धं जग पालथं घातलं, तरी गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये, म्हणजे रस्त्यांची प्रत्यक्ष दृश्यं दाखवणाऱ्या नकाशात, ही बेटं नव्हतीच. मग मंडळातल्या एका बाईंनी मेंढीच्या पाठीवर चहूबाजूंचं टिपणारा, सौरऊर्जेवर चालणारा कॅमेरा बांधला आणि तिला डोंगरावर मोकळं सोडलं. मेंढी चरत हिंडली आणि तिच्या वाटेवरची दृश्यं जागेच्या नोंदीसकट स्ट्रीट व्ह्यूवर चढली. या उद्योगाला त्यांनी नाव दिलं ‘शीप व्ह्यू’. बोभाटा इतका झाला की गूगलने स्वतःचे कॅमेरे धाडले आणि बेटं रीतसर नकाशात आली.

किस्सा गमतीचा आहे, पण आडबाजूच्या प्रदेशाचं दुखणं त्यात नेमकं सापडतं. बिग डेटाचा, म्हणजे फोन, फोटो यांतून आपोआप साठणाऱ्या अफाट माहितीचा, स्वभावच असा की माणसं आधीपासून जातात तिथे तो भरभरून साठतो आणि जिथे त्याची खरी गरज असते तिथे पाटी कोरी राहते.

मुळात पर्यटक मोजायचे कसे? जुनी पद्धत म्हणजे हॉटेलांची रजिस्टरं, तिकिटांची अर्धुकं आणि नाक्यावर थांबवून भरून घेतलेले फॉर्म. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा किंवा नातेवाइकांकडे उतरलेला माणूस यांतल्या कुठल्याच वहीत येत नाही. खिशातला फोन मात्र जवळच्या टॉवरशी संपर्क ठेवून असतो आणि मोबाइल कंपनीकडे त्याची नोंद होते. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठाचे भूगोलतज्ज्ञ राइन आहास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदींवरून पर्यटकांची ये-जा अभ्यासायला सुरुवात केली. पुढे तिथल्या मध्यवर्ती बँकेने पर्यटनाच्या आकडेवारीसाठी हीच पद्धत वापरली. इंडोनेशियाच्या सांख्यिकी विभागानेही २०१६ पासून सीमाभागातून येणारे परदेशी पाहुणे मोजायला या नोंदींचा आधार घेतला.

अशी एक नोंद जवळून पाहू. अभ्यासकांच्या हाती येते तेव्हा तिच्यात नाव नाही, फोन नंबर नाही. एक सांकेतिक क्रमांक, टॉवरचा क्रमांक, तारीख-वेळ आणि सिम परदेशी असेल तर त्याचा देश, एवढंच. एका ओळीला काहीच अर्थ नसतो. पण तोच सांकेतिक क्रमांक रात्री पावणेबाराला आणि पहाटे सहाला एकाच टॉवरखाली दिसला की मुक्काम कुठे झाला ते कळतं. दहा वाजता तो दुसऱ्या टॉवरखाली, दुपारी तिसऱ्या. अशा लाखो साखळ्या एकावर एक ठेवल्या की कुठली दोन गावं लोक एकाच फेरीत बघतात, किल्ला पाहून झाल्यावर किती जण थेट परत फिरतात आणि किती जण पुढे तळ्याकडे वळतात, याचं चित्र उमटतं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातून हाती लागणारी सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. प्रशासनाने आखलेल्या हद्दी प्रवाशाला दिसत नाहीत. त्याचा ‘प्रदेश’ त्याच्या फेरीने ठरतो, आणि तो बहुतेक वेळा दोन-तीन कार्यालयांच्या हद्दींत विभागलेला निघतो.

यात फसगतीही भरपूर. शहरात टॉवरची हद्द काहीशे मीटरची असते, तर उघड्या माळावर कित्येक किलोमीटरची. त्यामुळे माणूस देवळात होता की शेजारच्या पेट्रोल पंपावर, हे सांगता येत नाही. महामार्गालगतचा टॉवर तर जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला पाहुणा समजतो. म्हणून ठरावीक वेळेपेक्षा कमी थांबलेल्यांना वगळावं लागतं. सीमेवरच्या गावात घरी झोपलेल्या माणसाचा फोन पलीकडच्या देशाचा टॉवर पकडतो आणि कागदोपत्री त्याची परदेशवारी होते!

दुसरा माग फोटोंचा. फोनने काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांश नोंदले जाऊ शकतात. २०१० मध्ये एरिक फिशर यांनी अशा फोटोंवरून जगातल्या अनेक शहरांचे नकाशे केले. एकाच शहरात महिना किंवा त्याहून जास्त काळ फोटो काढणारा तो स्थानिक, त्याचे ठिपके निळे. महिन्याच्या आत फोटो थांबले आणि तो दुसऱ्या एखाद्या शहराचा स्थानिक दिसला, तर पर्यटक, त्याचे ठिपके लाल. नियम साधाच, पण एकाच शहरात दोन वेगळी शहरं कशी नांदतात ते त्या नकाशांत लख्ख दिसतं. २०१३ मध्ये संशोधकांनी ३१ देशांतल्या ८३६ ठिकाणांवर फ्लिकर या फोटो टाकायच्या संकेतस्थळावरचे फोटो आणि प्रत्यक्ष मोजलेले पाहुणे यांची तुलना केली. त्यांचं माप होतं ‘एक माणूस, एक जागा, एक दिवस’. त्या दिवशी त्याने एक फोटो टाकलेला असो की दोनशे, गणती एकच. फोटोंवरून गर्दीचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो, असं दिसून आलं. अर्थात धबधब्याचे फोटो निघतात, बसस्टँडचे निघत नाहीत. पर्यटकाचा सर्वांत जास्त वेळ कुठे फुकट गेला, हे फोटो कधीच सांगणार नाहीत.

आता त्या कोऱ्या पाटीकडे. नकाशावर एखाद्या दरीत एकही ठिपका नाही. लोकांना ती आवडत नाही, माहीत नाही, की तिथे पोचायला वाहनच नाही? का माणसं येतात, पण तिथे मोबाइलची रेंज नाही? डेटा आलेल्यांबद्दल बोलतो, न आलेल्यांबद्दल गप्प बसतो. इथे डिजिटल नकाशा कामाला येतो. त्यावर चढउतार, रस्ते, बसच्या वेळा आणि रेंजची व्याप्ती असे थर एकावर एक ठेवले की उत्तर बरंचसं उलगडतं. मोठ्या गावापासून तासाभरावर असलेली, पण शेवटची बस दुपारीच सुटणारी दरी रिकामी का, हे मग कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

हे थर भरायला कुणीतरी पायी फिरावं लागतं. २००४ मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा अशाच हौशी पायांवर उभा राहिला. नागरी वापराच्या जीपीएसमध्ये अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली, १०० मीटरपर्यंतची चूक मे २००० मध्ये काढून टाकली नसती, तर ते जमणं अवघड होतं. पायवाट कुठे सुरू होते, पावसात ओढा ओलांडता येतो का, स्वच्छतागृह कुलूपबंद तर नसतं ना, या गोष्टी उपग्रहाला दिसत नाहीत. आणि नकाशावरची रेघ वाचणाऱ्याला निमंत्रणच वाटते. गुराख्याची वाट ‘पायवाट’ म्हणून नोंदली गेली की चपला घातलेली माणसं कड्याच्या टोकाशी येऊन उभी राहतात.

नावं पुसली म्हणजे माणूस झाकला गेला, असंही नाही. १५ लाख फोनधारकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासून संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की जागा आणि वेळ यांच्या अवघ्या चार जोड्या ठाऊक असल्या तर ९५ टक्के लोक वेगळे ओळखू येतात. म्हणून जिथे मोजणी फार लहान भरते ते आकडे जाहीर करताना गाळतात किंवा शेजारच्या भागात मिसळतात. ते योग्यच आहे. पण वाडीत दिवसाला तीनच पाहुणे येत असतील, तर गाळला जातो तो नेमका तिचाच आकडा. गर्दीच्या ठिकाणाला आपली माहिती आयती मिळते, वाडीने मात्र दारात बसून मोजायचं. मला यावर पटण्याजोगा उपाय अजून दिसलेला नाही. वही-पेन्सिल घेऊन दारात बसणं हाच काय तो.

फेरो बेटांवर पुढे इतके लोक येऊ लागले की पायवाटा खचल्या. एप्रिल २०१९ मध्ये त्याच पर्यटन मंडळाने काही निवडक ठिकाणं एका आठवडाअखेरीस ‘देखभालीसाठी बंद’ ठेवली आणि जगभरातून १०० स्वयंसेवक बोलावले. नकाशा पाहून आलेली ती माणसं दोन दिवस वाटा दुरुस्त करत होती, दिशाफलक रोवत होती.