६६ की ७३? बायबलमधल्या सात वादग्रस्त ग्रंथांची पार्श्वभूमी

वसईतल्या कॅथलिक घरातलं बायबल आणि प्रॉटेस्टंट घरातलं ‘पवित्र शास्त्र’ शेजारी ठेवून अनुक्रमणिका मोजली, तर पहिल्यात ७३ पुस्तकं भरतात, दुसऱ्यात ६६. फरक सगळा जुन्या करारात, म्हणजे येशूच्या आधीच्या भागात: तोबित, यहुदीथ, मक्काबींची दोन, ज्ञानग्रंथ, बेन सिराख आणि बारूख. शिवाय एस्तेर आणि दानीएलमधले काही जादा भाग.

मुळात हा भाषेचा गुंता. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातल्या ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांसाठी इब्री (हिब्रू) शास्त्राचं ग्रीक भाषांतर होऊ लागलं. पुढे त्या संग्रहात ही पुस्तकंही आली. आरंभीचे ख्रिस्ती बहुतेक ग्रीकच वाचत, त्यामुळे त्यांना ती आपलीच वाटली. यहुदी परंपरेने मात्र इब्री संग्रह तेवढा प्रमाण धरला.

चौथ्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेमात बायबलच्या लॅटिन भाषांतराला बसलेला धर्मपंडित जेरोम इब्री मुळाचा कट्टर अभिमानी. त्यात नाही ते अपॉक्रिफा, म्हणजे प्रमाण शास्त्राबाहेरचं, असं त्याने प्रस्तावनेत लिहून टाकलं. बिशपांच्या आग्रहाखातर तोबित केलं, पण एका दिवसात उरकलं. तसं स्वतःच नोंदवलंही! (याच तोबितचे अरामी आणि इब्री तुकडे विसाव्या शतकात मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडले.) त्याचा समकालीन बिशप ऑगस्टीन मात्र या पुस्तकांच्या बाजूचा, आणि ३९७च्या कार्थेज सभेनेही ती यादीत घेतली.

जुनी शंका पेटली १५१९मध्ये, जर्मनीतल्या लाइपझिगच्या वादसभेत. कॅथलिक धर्मपंडित योहान एक याने शुद्धिस्थानाला (मृतांचे आत्मे शुद्ध होतात ती अवस्था) आधार म्हणून दुसऱ्या मक्काबीचा १२वा अध्याय पुढे केला: लढाईत पडलेल्यांच्या पापांसाठी यहूदा मक्काबी यरुशलेमला अर्पण पाठवतो. प्रॉटेस्टंट चळवळीचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याने ग्रंथाचं प्रामाण्यच नाकारलं. माझ्या मते यादीचा प्रश्न खरा धारदार झाला तो इथे, कारण आता त्यावर मृतांसाठीची प्रार्थना टांगलेली होती. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने ८ एप्रिल १५४६ रोजी ही पुस्तकं प्रमाण ठरवली.

ल्यूथरने ती फेकून दिली, हा समज मात्र चुकीचा. १५३४च्या जर्मन बायबलात ती आहेत, दोन करारांच्या मधे, ‘शास्त्राच्या तोलाची नाहीत, पण वाचायला चांगली’ अशा अर्थाच्या शेऱ्यासह. १६११च्या किंग जेम्स भाषांतरातही होती. त्यांना मोठा फटका बसला तो पैशाच्या भांडणात. स्कॉटिश सभासदांनी हट्ट धरला आणि १८२६मध्ये बायबल छापून वाटणाऱ्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने त्यांच्या छपाईला पैसा देणं थांबवलं. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या परंपरेतल्या मराठी पवित्र शास्त्रात म्हणूनच जुन्या करारातल्या शेवटच्या मलाखीचं पान उलटलं की थेट नव्या करारातला पहिला मत्तय लागतो.