पावसात मालवणचा समुद्र बंद, मग डायव्हिंगला जायचं कुठे?

(आमच्याकडे कोर्स केलेल्या आणि करू इच्छिणाऱ्या मंडळींसाठी माहितीपत्रक)

मे संपत आला की आमच्या बोटी वर ओढल्या जातात, इंजिनं शेडमध्ये जातात, पण फोन काही थांबत नाहीत, जुलैमध्ये सुट्टी मिळालीय तर स्कूबा होईल का म्हणून. नाही होणार. ऑगस्ट अखेरपर्यंत बंदी असते हे एक, आणि बंदी नसती तरी आम्ही नेलं नसतं, कारण नैऋत्येचा वारा सरळ आपल्या किनाऱ्यावर आपटतो, उधाण असतं, वर कर्ली नदी, गड नदी सगळा गाळ आणून समुद्रात ओततात आणि पाण्याखाली स्वतःच्या हाताची बोटं दिसत नाहीत. नारळी पौर्णिमेला नारळ पडला तरी पाणी खऱ्या अर्थाने निवळायला ऑक्टोबर उजाडतो.

पण गंमत अशी की वारा तोच असला तरी जो किनारा त्याच्या आडोशाला असतो तिथे नेमका तेव्हाच सीझन भरात असतो. अशा, टूरवाल्यांच्या पॅकेजमध्ये सहसा नसलेल्या, काही जागा इथे देतोय. आम्ही यातल्या कुठल्याच ट्रिप विकत नाही, त्यामुळे जे वाटतं ते सरळ लिहिलंय.

सगळ्यात जवळचं: श्रीलंकेचा पूर्व किनारा

श्रीलंका म्हटलं की लोक कोलंबो, गॉल, बेंटोटा करतात, तो पश्चिम आणि दक्षिण भाग म्हणजे पावसाळ्यात आपल्यासारखाच खवळलेला. पूर्वेला त्रिंकोमाली मात्र मे ते सप्टेंबर शांत असतं. तिथे निलावेली बीचसमोर पिजन आयलंड नावाचं छोटं बेट आहे, नॅशनल पार्क आहे, आणि उथळ पाण्यातच काळ्या टोकाच्या पंखांचे रीफ शार्क फिरतात (घाबरू नका, तेच तुम्हाला बघून पळतात). नुकतं सर्टिफिकेट मिळालेल्यांना आम्ही पहिलं नाव हेच सांगतो.

थोडं खाली बट्टिकलोआजवळ एचएमएस हर्मीस ही ब्रिटिश विमानवाहू नौका पडलीय, 9 एप्रिल 1942 ला जपानी विमानांनी बुडवलेली. नाव ऐकून सगळ्यांचे डोळे चमकतात, पण ती 50 मीटरपेक्षा खोल आहे आणि हौशी डायव्हिंगची शेवटची मर्यादा 40 मीटर, म्हणजे टेक्निकल ट्रेनिंग असल्याशिवाय तो विषयच काढू नका.

मालदीव, पण हनीमूनवालं नाही

बा अटॉलमध्ये (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) हनिफारू बे म्हणून एक खाडी आहे. नैऋत्य मान्सूनच्या दिवसांत प्रवाहाबरोबर प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, त्या खाडीत येऊन अडकतात आणि ते खायला मांटा रे, म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे चपटे मासे, येतात, कधी कधी तर डझनांनी, तोंड उघडं ठेवून गोल गोल फिरत. 2011 मध्ये बा अटॉलला युनेस्कोचा बायोस्फिअर रिझर्व्हचा दर्जा मिळाला. आता महत्त्वाचं, हनिफारूमध्ये टाकी लावून उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग, म्हणजे नळी तोंडात धरून वरवर पोहत बघणं. आमच्या मते हे फार चांगलं केलंय, बुडबुड्यांनी मांटा बिथरतात, आणि घरातली न डायव्ह करणारी माणसंही तेच बघू शकतात जे तुम्ही बघणार.

दक्षिणेला फुवाहमुला बेट टायगर शार्कसाठी प्रसिद्ध होतंय, पण ते अनुभवी लोकांसाठी, लॉगबुकात (डायव्हच्या नोंदवहीत) चार डायव्ह लिहून तिकडे जाऊ नये.

ओमान

इथे आम्ही जरा जास्त बोलणार, कारण मस्कतला कोकणातल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी आहे, तरी आपली माणसं तिथे जाऊन फक्त मॉल बघून येतात. मस्कतजवळ समुद्रात दिमानियत बेटं आहेत, नऊ बेटांचा संरक्षित भाग, परमिट लागतं आणि ते डायव्ह सेंटरवालेच काढून देतात. हॉक्सबिल कासवं तिथे अंडी घालतात, त्यामुळे उन्हाळ्यात बेटावर पाय ठेवू देत नाहीत, पण आजूबाजूला डायव्हिंग चालतं. ही बाजू आपल्या मान्सूनच्या थेट माऱ्यात येत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरकडे व्हेल शार्क दिसण्याचा चांगला चान्स असतो. वर ऊन मात्र भाजून काढणारं, बोटीवर टोपी आणि भरपूर पाणी पाहिजेच.

ओमानच्याच दक्षिण टोकाला, सलालाजवळ मिरबात आहे आणि तिथली गोष्ट फारच भारी आहे. आपल्याकडे पाऊस आणणारा वारा त्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतो, वरचं गरम पाणी बाहेर ढकलतो आणि खालचं थंड, पोषक पाणी वर येतं, इतकं थंड की केल्प नावाचं थंड समुद्रातलं मोठं शेवाळ तिथे दरवर्षी उगवतं आणि तेही प्रवाळाच्या शेजारीच. अशी जोडी जगात फार कमी ठिकाणी दिसते. तिथलं डायव्हिंग मात्र पावसाळा सरल्यावर सुरू होतं, म्हणजे आपल्याच सीझनला, त्यामुळे तारखा नीट बघून घ्या.

बाकीची थोडक्यात

मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरची पेरेंटियन बेटं मार्च ते ऑक्टोबर चालू असतात, नोव्हेंबरपासून त्यांचा पावसाळा. खर्च आवाक्यातला, आणि साखर वाहून नेणारं एक बुडालेलं जहाज साधारण 18 मीटरवर आहे, पहिल्या रेक डायव्हसाठी बरं. (आपल्याकडेही निवतीजवळ आयएनएस गुलदार ही नौदलाची निवृत्त नौका पाण्याखाली ठेवून म्युझियम करायचं ठरलंय.)

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मे ते जुलै सार्डिन रन असतो, म्हणजे आपल्या तारलीच्या लांबच्या बहिणी लाखोंच्या थव्याने किनाऱ्याने उत्तरेला सरकतात आणि त्यांच्यामागे डॉल्फिन, शार्क, देवमासे, वरून गॅनेट पक्षी. रापण ओढताना वर घिरट्या घालणारे पक्षी बघितलेल्यांना थोडी कल्पना येईल. थंड पाणी, मोठ्या लाटा, नवख्यांनी नाही जायचं.

आणि आइसलंडचं सिल्फ्रा. ही समुद्रातली जागाच नाही, उत्तर अमेरिका आणि युरेशिया या दोन भूपट्टांच्या मधली गोड्या पाण्याची भेग आहे, हिमनदीचं पाणी लाव्हाच्या दगडातून वर्षानुवर्षं झिरपून येतं त्यामुळे 100 मीटरपर्यंत आरपार दिसतं. पाणी 2 ते 4 अंश, बाराही महिने. ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरू देणारा पोशाख, सक्तीचा, आणि तो वापरायचं ट्रेनिंग किंवा अनुभव आधी लागतो. मासे जवळजवळ नाहीत, ते आपल्याकडेच बघा.

आपल्या दारातलं

विजयदुर्गच्या पश्चिमेला 100 किलोमीटरहून जास्त आत आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार. लोक विचारतात नेणार का, तर सध्या नाही. एक तर अंतर, आणि दुसरं म्हणजे त्याचा उथळ भागसुद्धा साधारण 20 मीटरवर आहे, ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पायरीच्या सर्टिफिकेटवाल्याची मर्यादा 18 मीटर.

कुठेही जाण्याआधी

इन्स्ट्रक्टरने मागून टाकी धरून फिरवून आणलेलं, व्हिडिओ काढलेलं, ते झालं ट्राय डायव्ह, त्यावर वरच्यापैकी बहुतेक ठिकाणी फार तर पुन्हा ट्राय डायव्हच मिळेल. ओपन वॉटर कोर्स करा, वय 10 पूर्ण पाहिजे, 30 मीटरला जायचं तर पुढे ॲडव्हान्स्ड. दमा, कानाचं ऑपरेशन, हृदयाची औषधं काही असेल तर मेडिकल फॉर्ममध्ये लपवू नका, डॉक्टरची सही आणा. सर्दी असताना उतरायचं नाही, कान फुटतो. शेवटच्या डायव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जाऊ द्या, आम्ही तर 24 सांगतो, कारण अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. नेहमीचा प्रवास विमा डायव्हिंगला बहुतेक वेळा लागू होत नाही, वेगळा काढा. आणि माशांना बिस्कीट चारू नका, इथेही नाही आणि तिथेही नाही, काही ठिकाणी दंड होतो.

ऑक्टोबरच्या बॅचची नावं आम्ही गणपतीनंतर घेतो, गणपतीत शॉपवर कोणीही नसतं, फोन उचलला तरी भजनाचा आवाज येईल.