हरताळातली एकाकी जोडी

नियमांना हरताळ फासल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. हा हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं पिवळंधमक खनिज. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की त्यावर हरताळ फासायचा आणि वर नव्यानं लिहायचं, ही जुनी रीत. विषारी पांढरा सोमलही आर्सेनिकचाच. हरताळात आर्सेनिकचे तीन हात गंधकानं धरलेले असतात, सोमलात ऑक्सिजननं. तेच हात कार्बननं धरले की आर्सेनिकची सगळी चालच बदलते.

हे पहिल्यांदा घडलं पॅरिसमध्ये, तेही चुकून. लुई कॅदे हा औषधनिर्माता अदृश्य शाईसाठी कोबाल्टच्या खनिजांवर प्रयोग करत होता. अशा खनिजांतून सोमल मिळतो. तो त्यानं पोटॅशियम ॲसिटेटबरोबर तापवला आणि भांड्यात तांबूस, हवेत धुरकटणारा, भयंकर दुर्गंधीचा द्रव जमला. १७६० साली हे प्रसिद्ध झालं. पुढं जवळपास पाऊणशे वर्षं त्या द्रवाचा उलगडा कुणाला झाला नाही.

तो केला रॉबर्ट बुन्सेननं, १८३७ पासून पाच-सहा वर्षं खपून. त्याला दिसलं, की एक आर्सेनिक आणि दोन मिथाइल गट (प्रत्येकी एक कार्बन आणि तीन हायड्रोजन) यांचं त्रिकूट एका संयुगातून दुसऱ्यात अखंड जातं. कधी क्लोरिन जोडून घेतं, कधी सायनाइड. रेणूतला एखादा भाग असा न मोडता प्रवास करतो, याचा हा त्या काळातला भक्कम पुरावा. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसनं या त्रिकुटाला ‘कॅकोडिल’ म्हटलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दुर्गंधी. कॅकोडिल आणि सायनाइड यांच्या संयुगाच्या स्फोटात बुन्सेनच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. ज्याच्या बर्नरवर आपण शाळेत परीक्षानळी धरली, तो हाच माणूस. त्यानं मोजलेली ही किंमत पाठ्यपुस्तकात सहसा नसते, आणि ती असायला हवी.

आर्सेनिकच्या बाहेरच्या कक्षेत पाच इलेक्ट्रॉन असतात. तीन बंधांत गुंतले की दोन मोकळे उरतात. हीच ती एकाकी जोडी, आणि माझ्या मते पुढची बरीच गोष्ट तिचीच आहे. १८८३ साली मेयर या रसायनशास्त्रज्ञानं सोडियम आर्सेनाइट आणि मिथाइल आयोडाइड एकत्र केलं. जोडीनं मिथाइलच्या कार्बनवर झेप घेतली, आयोडिन बाजूला पडलं आणि आर्सेनिक-कार्बन बंध तयार झाला.

हेच काम बुरशीही करते. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या घरांना आर्सेनिकच्या हिरव्या रंगाचे भिंतीचे कागद लावत. दमट खोल्यांत त्यांतून लसणासारखा वास यायचा, माणसं आजारी पडायची. इटलीत गोसिओनं दाखवलं, की कागदावरची बुरशी वायू सोडते. १९३०च्या दशकात लीड्समध्ये चॅलेंजरनं तो ट्रायमिथाइलआर्सिन, म्हणजे तीन मिथाइल जोडलेलं आर्सेनिक, असल्याचं सिद्ध केलं. बुरशी आर्सेनिकवर एक मिथाइल चढवते, इलेक्ट्रॉन देऊन जोडी पुन्हा मोकळी करते, मग दुसरा चढवते. आपलं यकृतही पाण्यातून आलेल्या आर्सेनिकला मिथाइल जोडतं आणि लघवीतून प्रामुख्यानं जे बाहेर पडतं, ते कॅकोडिलिक आम्ल: बुन्सेनच्या द्रवाच्या ऑक्सिडीकरणातून मिळणारं तेच संयुग! (कोलंबी-मासळीतल्या आर्सेनिकची धास्ती नको. ते बहुतांशी आर्सेनोबिटाइनच्या रूपात असतं आणि शरीर ते जसंच्या तसं बाहेर टाकतं.)

जोडी कार्बनला धरते, तशी धातूलाही. इथं मला फार जवळचा वाटतो रसायनशास्त्रज्ञ रोनाल्ड नायहोम. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या खाणींच्या गावात तो वाढला. तिथल्या रस्त्यांची नावंच ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड अशी! त्याचं आवडतं संयुग ‘डायआर्स’: बेंझीनच्या कड्यावर शेजारीशेजारी दोन आर्सेनिक, प्रत्येकावर दोन मिथाइल. खेकड्यानं नांगीत काडी धरावी तसे हे दोन आर्सेनिक धातूला धरतात. एरवी दोन इलेक्ट्रॉन गमावून थांबणारं निकेल या पकडीत तीन, अगदी चारही गमावतं आणि तरी टिकतं. टायटॅनियम टेट्राक्लोराइड म्हणजे हवेत धूर सोडणारा द्रव. त्याला दोन डायआर्स दिले की चार क्लोरिन आणि चार आर्सेनिक असे आठ शेजारी एका टायटॅनियमभोवती बसतात. इतक्या लहान धातूभोवती आठ जण मावतील, ही त्या काळी अपेक्षाच नव्हती.

दोन नांग्यांची पकड घट्ट, पण सुट्या आर्सिनची, म्हणजे तीन कार्बन गट धरलेल्या एकेकट्या आर्सेनिकची, ढिली. फॉस्फरसच्या तुलनेत आर्सेनिकची जोडी धातूला कमी उत्सुकतेनं दिली जाते. हा दुबळेपणाच १९९१ साली फरिना आणि कृष्णन यांनी कामाला लावला. स्टिले अभिक्रियेत पॅलेडियमवर दोन कार्बन गट एकत्र येऊन जोडले जातात आणि त्यांतला एक गट कथिलाचं संयुग आणून देतं. नेहमीचं, फॉस्फरसचं ट्रायफिनाइलफॉस्फिन पॅलेडियमला चिकटून बसतं आणि कथिलाच्या संयुगाला जागा मिळत नाही. त्याऐवजी ट्रायफिनाइलआर्सिन टाकल्यावर काही अभिक्रियांचा वेग शंभर ते हजार पट वाढला, कारण आर्सिन चटकन हात सोडतं आणि जागा रिकामी करून देतं.