मानवी हक्क चित्रपट महोत्सव

मानवी हक्कांची पायमल्ली आणि त्याविरुद्धचे लढे दाखवणारे चित्रपट, मुख्यतः माहितीपट, निवडून प्रत्येक खेळाला चर्चेची जोड देणारा महोत्सव. पारितोषिके बहुतेक ठिकाणी असतात, पण ती गौण. खेळानंतरची चर्चा गाळली, तर इतर माहितीपट महोत्सवांहून याचे वेगळेपण फारसे उरत नाही.

आरंभ : या प्रकाराची सुरुवात सामान्यतः न्यूयॉर्कच्या ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या महोत्सवापासून धरतात, साल मात्र दोन प्रकारे दिले जाते. संस्थेच्या दशकपूर्तीनिमित्त १९८८ मध्ये पहिला महोत्सव झाला (हे दशक १९७८ च्या हेलसिंकी वॉच या तिच्या पूर्वरूपापासून मोजलेले). मग खंड पडून १९९१ च्या सुमारास तो पुन्हा सुरू झाला व पुढे नियमित झाला. प्रासंगिक कार्यक्रम आणि चालू परंपरा यांत भेद करायचा, तर दुसरे साल अधिक ग्राह्य वाटते. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेच्या डच शाखेचा ॲम्स्टरडॅममधील महोत्सव १९९५ चा, प्रागचा ‘वन वर्ल्ड’ १९९९ चा, तर जिनीव्हाचा २००३ चा. जिनीव्हातील महोत्सव संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेच्या मार्चमधील अधिवेशनाला जोडून भरतो, त्यामुळे चर्चेला मुत्सद्दी व कार्यकर्ते एकाच वेळी मिळतात. अशा महोत्सवांचे आंतरराष्ट्रीय जाळे २००४ मध्ये उभे राहिले.

भारत : येथे खरा पेच प्रमाणपत्राचा. चलच्चित्र अधिनियम, १९५२ नुसार सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागते; कलम ९ अन्वये केंद्र सरकार सूट देऊ शकते. सूट मागताना चित्रपटांची यादी व सारांश केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला द्यावे लागतात आणि सूट महोत्सवापुरती, नोंदणी केलेल्या प्रतिनिधींसाठी असते. म्हणजे हॉलच्या दारात तिकीट विकून वाटेल त्याला आत घेता येत नाही. २०१७ मध्ये तिरुवनंतपुरमच्या माहितीपट व लघुपट महोत्सवात रोहित वेमुला, काश्मीर आणि जेएनयू या विषयांवरील तीन चित्रपटांना सूट नाकारली गेली.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट व लघुपट महोत्सवात (मिफ) २००४ साठी भारतीय चित्रपटांवर प्रमाणपत्राची अट घातली गेली. परदेशी चित्रपटांना ती नव्हती. माहितीपटकारांच्या विरोधानंतर अट मागे घेतली गेली, पण राजकीय आशयाचे अनेक चित्रपट निवडीत गळले. त्यावर फेब्रुवारी २००४ मध्ये, मिफ चालू असतानाच, प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरला. त्याला निव्वळ निषेधाचा कार्यक्रम मानण्यापेक्षा वितरणाच्या नव्या वाटेची सुरुवात मानणे योग्य. मुंबईत पृथ्वी थिएटरच्या आवारातील नियमित खेळ त्यातूनच निघाले. प्रायोजक न घेता लोकवर्गणीवर चालणारा गोरखपूरचा ‘प्रतिरोध का सिनेमा’ २००६ चा.

प्रदर्शन : दीड तासाच्या चित्रपटाला किमान सव्वादोन तासांची वेळ राखतात, नाहीतर पुढच्या खेळाचे प्रेक्षक दारात ताटकळतात आणि चर्चा अर्ध्यावर तुटते. कुलूपबंद डिजिटल प्रतीची किल्ली (ती उघडणारी सांकेतिक फाइल) ठरावीक सर्व्हरसाठी व ठरावीक मुदतीपुरतीच चालते. ऐनवेळी पडदा बदलला किंवा मुदत परदेशी वेळेनुसार लिहिली गेली, तर चित्रपट उघडतच नाही. त्यासाठी प्रत्यक्ष त्याच पडद्यावर आदल्या दिवशी चाचणी घेतात. सेकंदाला २५ चौकटींचा (फ्रेम) माहितीपट २४ च्या गतीने चालवला की ६० मिनिटांची ६२.५ मिनिटे होतात, आणि जुन्या वेळांची उपशीर्षके तासाभरात अडीच मिनिटे पुढे पळतात. मराठी उपशीर्षकांत वेगळीच अडचण : चुकीच्या फाँटमध्ये जोडाक्षरे फुटतात, आणि दोन ओळींतले अंतर कमी पडले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

पडद्यावर साक्ष देणाऱ्यांची संमती चित्रीकरणाच्या वेळची असते, म्हणून त्यांच्या गावाजवळ खेळ लावण्यापूर्वी ती दिग्दर्शकामार्फत पुन्हा घेतात. चेहरा धूसर केला तरी आवाज, दारावरची पाटी किंवा अंगावरचा गणवेश ओळख पटवतो. महोत्सवाच्या पत्रकात छापायला दिलेल्या छायाचित्रात तर चेहरा धूसर करायचा बऱ्याचदा राहूनच जातो.